साबुदाण्याचा कंद: फेब्रुवारीतल्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कप्पा आणला, पावणेचार किलो. निगडीतल्या मल्याळी दुकानात केरळचा माल शुक्रवारी रात्री उतरतो, म्हणून शनिवारी सकाळीच गाठायचा. कप्पा हे याचं मल्याळी नाव, पुस्तकांत याला कसावा, टॅपिओका, साबुकंद अशी नावं आहेत. मंडईत यातलं एकही नाव घेतलं तरी समोरचा सुरण काढून दाखवतो.

महिन्याचं काम असं ठरलंय: आधी हा कंद केरळात खातात तसा खायचा, मग त्याचा साबुदाणा करायचा, आणि महाशिवरात्रीला, २६ तारखेला, त्याच साबुदाण्याची खिचडी. आमच्या घरी एकादश्या, चतुर्थ्या, श्रावणी सोमवार मिळून साबुदाण्याचा डबा कधी रिकामा राहत नाही, पण तो ज्यापासून होतो तो कंद आजवर कोणी पाहिलेला नव्हता. आईचा समज असा की साबुदाणा झाडापासून होतो. तोही अगदी वाऱ्यावरचा नाही. मलाया-इंडोनेशियाकडचा मूळ साबुदाणा एका जातीच्या ताडाच्या खोडातल्या गरापासून करतात. आपल्याकडे पुड्यात मिळतो तो मात्र या कंदाचा.

कंद हातभर लांब, मनगटाएवढा जाड, एका टोकाला निमुळता. साल तपकिरी, खरखरीत, भेगांत लाल माती. नखाने खरवडलं की वरचा पापुद्रा सुटतो आणि खाली गुलाबी अस्तर लागतं. दुकानदार विचारायच्या आतच टोक मोडून दाखवतो. काडकन मोडलं आणि आत पांढरंशुभ्र दिसलं तर ताजा. आत निळसर रेघा असतील तर घेऊ नये.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्या चेचींना (मल्याळीत ताई) बोलावलं. कोट्टयमच्या, पस्तीस वर्षं चिंचवडात, मराठी आमच्याइतकंच, फक्त 'ळ' आमच्यापेक्षा स्वच्छ.

बटाट्याची सोलणी इथे कामाची नाही. चेचींची पद्धत: कंदाचे चार-चार बोटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला सुरीने उभी चीर द्यायची, थेट पांढऱ्या गरापर्यंत. मग चिरेत सुरीचं टोक सरकवून अंगठ्याने रेटायचं. तपकिरी साल आणि तिच्याखालचं जाड गुलाबी अस्तर दोन्ही मिळून एकाच पट्टीत, सर्रकन निघून येतात. पहिल्या दोन-तीन तुकड्यांत अडतं, मग हाताला लय सापडते. तुकडा उभा चिरला की मधोमध एक चिवट दोरा दिसतो, तो ओढून टाकायचा. सव्वा किलोतून किलोभर गर निघाला.

आता पाणी. या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

कच्चा कप्पा खात नाहीत. त्यात लिनामरिन नावाचं एक द्रव्य असतं. तेवढंच असतं तर फार काही नव्हतं, पण कंदातच त्याला फोडणारं एक एन्झाइमही असतं. अख्ख्या कंदात दोघं वेगवेगळ्या खणांत गपगुमान राहतात. चिरलं, किसलं, चावलं की भिंती मोडतात, दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. उंदीर-घुशींपासून बचावाची ही झाडाची व्यवस्था. कडू जातींत हे द्रव्य खूप, गोड जातींत बरंच कमी. केरळात घरी शिजवायला लावतात त्या गोड जाती. तरी नियम तोच.

सायनाइड उडून जातो, कारण तो २६ अंशांच्या आसपासच उकळतो. आणि लिनामरिन पाण्यात विरघळतं. म्हणून तुकडे लहान, पाणी भरपूर, पातेल्याला झाकण नाही आणि ते पाणी ओतून द्यायचं. कुकर नाही, कारण त्यात सगळं आतच कोंडतं. आणखी एक बारकावा: कप्पा गार पाण्यातच घालून चुलीवर ठेवायचा. एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर ते एन्झाइम आधीच मरतं आणि लिनामरिन न फुटता तुकड्यातच राहतं. चेचींना हे रसायन माहीत नाही, त्यांनी विचारलंही नाही. "पहिलं पाणी फेकायचं. आई फेकायची, आजी फेकायची. तू पण फेक."

उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांनी पहिलं पाणी ओतलं, दुसरं गरम पाणी घातलं, मीठ आता. पुढे पंचवीस मिनिटं. शिजत आल्याची खूण सुरीने बघायची गरजच पडत नाही. तुकड्याच्या कडा पांढऱ्याच्या जरा काचेसारख्या अर्धपारदर्शक होतात आणि टोकाकडून भेग पडून तो फुलतो. न फुललेला तुकडा कितीही शिजवला तरी गचकाच राहतो. असे दोन होते, ते काढून टाकले.

सोबत चम्मंती. कांतारी मिरची मिळाली नाही, आपली लवंगी घेतली. सांबारचे छोटे कांदे, मिरच्या, जाडं मीठ खलबत्त्यात ठेचायचं, बारीक करायचं नाही, आणि वर कच्चं खोबरेल. माझी लेक खोबरेल म्हटल्यावर टेबलावरून उठली, आणि मग वासाने परत आली.

चव? आईने एक फोड नुसती खाल्ली आणि म्हणाली, "याला स्वतःचं काही नाही." खरं आहे. रताळ्याचा गोडवा नाही, सुरणाची खाज नाही. आहे तो पोत: बाहेर मऊ, आत दाट, दाताखाली जरासा चिकट, आणि गिळताना घशाशी थोडं अडतं, म्हणून पातळ काहीतरी हवंच. ठेच्याचा झणका मात्र असा काही बसतो की दुसरी फोड आपोआप उचलली जाते. आईनेही उचलली.

साली खालच्या गेटवर येणाऱ्या गाईला द्यायला निघालो होतो, चेचींनी जिन्यातच अडवलं. सालीत आणि पानांत गरापेक्षा विष जास्त असतं, जनावरं दगावतात. साली खताच्या डब्यात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक कंद मुद्दाम ओट्यावर तसाच ठेवला होता, तो आज कापला. सालीलगत निळ्या-काळ्या रेघांचं वर्तुळ. कुजलेलं नाही, वास नाही, बुरशी नाही. जमिनीतून उपटताना कंदाला जखम होते, हवा आत शिरते आणि कंदच आपल्या जखमेला प्रतिसाद देता देता काळा पडत जातो. दोन-तीन दिवसांचा खेळ. नोटा तपासायचा जांभळा दिवा घरात आहे, अंधार करून कापावर धरला तर कडेने निळसर चमक आली. स्कोपोलेटिन नावाचं द्रव्य या काळात तयार होतं, ते अशा उजेडात चमकतं.

एवढ्याशा गोष्टीत आमच्या स्वयंपाकघराचा इतिहास आहे असं मला वाटतं. जो कंद तीन दिवसांत काळा पडतो तो तमिळनाडूतल्या सेलमहून पुण्याच्या मंडईत येणार कसा? आला तो त्याचा वाळवलेला, न नासणारा भाग. म्हणून साबुदाण्याचे कारखानेही शेताला लागून: सेलम, नामक्कल, धर्मपुरी. आता रात्रीच्या गाड्या आहेत, मेण चढवून पाठवलेले कंदही मिळतात, म्हणून निगडीत तरी पोचला.

उरलेला सगळा कप्पा सोलून, तुकडे करून फ्रीझरमध्ये. दोन दिवसांत वापरायचा असेल तर सोलून पाण्यात बुडवून फ्रिजमध्येही चालतो, पाणी रोज बदलायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज कप्पा पुळुक्क आणि तारलीचं कालवण. नवा कप्पाही आणला, पुढच्या आठवड्यासाठी पाच किलो सांगून ठेवला.

पुळुक्क म्हणजे शिजवून घोटलेला कप्पा. वर लिहिल्याप्रमाणे उकडून पाणी पूर्ण निथळवायचं. खवलेला नारळ, हिरव्या मिरच्या, तीन-चार लसूणपाकळ्या, जिरं आणि हळद पाट्यावर भरड वाटायची. मिक्सरला दोनदा फिरवून थांबलं तरी चालतं, गुळगुळीत झालं की मजा गेली. हे वाटण गरम कप्प्यावर घालून, झाकून वाफ आणायची, मग लाकडी डावाने जोर लावून घोटायचं. काही फोडी राहिल्या पाहिजेत. वरून खोबरेलात मोहरी, छोटे कांदे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता. जोर लावून हा शब्द मनावर घ्यावा. पंधरा मिनिटांत माझा खांदा बोलायला लागला आणि चेचींनी डाव काढून घेतला.

कालवण मातीच्या चट्टीत: तारली (मल्याळीत मत्ती), लाल तिखट, आलं, कढीपत्ता आणि कुडमपुळी. कुडमपुळी आपल्या कोकमाचीच बहीण, पण धुरी दिलेली, काळीकुट्ट, आणि आंबटपणा जास्त खोल. आपलं आमसूल घालून होईल का, असं मी विचारल्यावर चेची इतकंच म्हणाल्या, "होईल. ते तुमचं कालवण होईल."

कप्पा आणि मासा हे जोडपं नुसतं चवीचं नाही. शंभर ग्रॅम कप्प्यात प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. चुकूनमाकून राहिलेला थोडा सायनाइड शरीर गंधक वापरून निरुपद्रवी करतं आणि हे गंधक येतं प्रथिनांतून. मासळीच्या ताटात ते आपोआप मिळतं. आफ्रिकेत काँगो, मोझांबिक अशा देशांत दुष्काळात किंवा युद्धात उलट झालं: कडू जातीचा कंद, पाण्यात पुरेसे दिवस भिजवायला सवड नाही, सोबत प्रथिनं नाहीत. तिथे पायांतली ताकद कायमची जाणारा कोंझो नावाचा आजार पसरला. पाणी फेकायचं म्हणजे फेकायचं.

जेवताना चेचींनी आजीची गोष्ट काढली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून त्रावणकोरला येणारा तांदूळ थांबला. घरात सकाळ-संध्याकाळ कप्पाच. आजी पुढे म्हातारपणी, घरात दहा पोती तांदूळ असतानाही, परसात कप्प्याची एक रांग लावायचीच. पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून आणलेला हा कंद त्रावणकोरात जोमाने रुजवला विशाखम तिरुनाळ महाराजांनी, १८८० ते १८८५ या त्यांच्या कारकिर्दीत. गोरगरिबांचं पोट भरावं हाच हेतू, आणि साठ वर्षांनी तो असा कामी आला. आता हॉटेलांत कप्पा-मीनकरीचा (मीनकरी म्हणजे माशाचं कालवण) दर बघितला की गोरगरीब हा शब्द जरा जपून वापरावा लागतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साबुदाण्याचं काम सुरू. सोललेला दोन किलो गर घेतला. तिरुवनंतपुरमला श्रीकार्यम इथे कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९६३ पासूनची. तिथल्या एच-१६५, एच-२२६ या जाती तमिळनाडूत कारखान्यांसाठी लावतात, त्यांत स्टार्च भरपूर. माझ्याकडचा बहुधा खायच्या जातीचा, तरी भागेल.

खिडक्या उघड्या, पंखा चालू. किसल्यावर सगळ्या पेशी एकदम फुटतात, म्हणजे सायनाइडही एकदम सुटतो. बंद खोलीत हे काम करू नये. अर्धा गर किसणीवर किसला, बोटं सांभाळून. उरलेला बारीक चिरून, पाणी घालून मिक्सरमधून काढला. दोन्ही एकत्र करून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात कालवलं आणि मलमलीच्या फडक्यातून दुसऱ्या पातेल्यात पिळलं. दुधासारखं पांढरं पाणी, वर फेस. चोथा पुन्हा पाण्यात, पुन्हा पिळला, पाणी फिकं होईपर्यंत.

इथवर मी छापील माहिती पुढ्यात ठेवून चाललो होतो. आई मागे उभी राहून बघत होती. पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अरे, हा तर चीक."

बरोबर. कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरची निवळ ओतायची. यातलं काय आईला शिकवायचं? पुढचं काम तिने हातात घेतलं आणि मला चोथ्याकडे पाठवलं. पातेलं हलवायचं नाही, भांड्याला कोणी धक्का द्यायचा नाही, फ्रिजवर ठेवायचं नाही कारण तो थरथरतो. हे शेवटचं कुठल्याच कागदावर नव्हतं.

चार तासांनी वर पिवळट पाणी, खाली पांढरा थर. ते पाणी ओतलं. थरावर एक मळकट साय होती, ती आईने चमच्याने खरवडून टाकली. नवं पाणी घालून ढवळलं, पुन्हा ठेवलं. या धुण्यातच विषाचं उरलंसुरलं निघून जातं, त्यामुळे साबुदाण्याची त्या बाबतीत काळजी नाही. झोपायच्या आत आणखी एकदा.

तळाचा थर हात लावून बघण्यासारखा असतो. बोट झटक्यात मारलं तर फरशीवर मारल्यासारखं थाडकन परत येतं, हळूच टेकवलं तर बुडत जातं. लेक अर्धा तास तेच करत बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाणी नितळ. ओतलं. थर सुरीने वड्या पाडून काढला, पंचात बांधून वर वरवंटा ठेवला. दोन तासांनी ओलसर, पण हाताला न लागणारा. मुठीत दाबला तर गोळा होतो, बोटाने मोडला तर भुगा. हीच वेळ साधायची. जास्त ओलं राहिलं तर पुढे लगदा होतो, जास्त सुकलं तर दाणा धरत नाही.

भुगा रव्याच्या चाळणीतून पाडला. आता दाणे वळायचे. हाताने एकेक वळत बसलं तर पुढची शिवरात्र उजाडेल. सेलमकडे पूर्वी कापडाच्या झोळीत भुगा घालून दोन्हीकडून हेलकावे द्यायचे, कण लोळत लोळत गोल होत जायचे. आता ते यंत्रं करतात. आजोबांचं धुवट धोतर दुमडलं, दोन टोकं लेकीकडे, दोन माझ्याकडे. हेलकावा लांब आणि सावकाश हवा. झटका दिला की भुगा एका कोपऱ्यात गोळा होतो. पाच मिनिटं काहीच होत नाही, मग कापडावरचा आवाज बदलतो. सरसर जाऊन बारीक खडखड यायला लागते. म्हणजे दाणे झाले.

आकार मोहरीपासून वाटाण्यापर्यंत. दोन चाळण्यांनी मधला माल काढला, मोठे फोडून आणि बारीक तसेच पुन्हा झोळीत. दुकानचा साबुदाणा एकसारखा दिसतो तोही चाळण्यांमुळेच.

मग भाजणं. लोखंडी तव्याला खोबरेलाचा हात, आच मंद, दाणे एका थरात, उलथन्याने सतत हलते. वाफ निघते, दाणे आधी चिकटतात मग सुटे होतात. एक दाणा पात्याने अर्धा कापून बघितला: बाहेर काचेसारखी कड, आत कोरडं पांढरं पीठ. साबुदाण्याचं सगळं गुपित या कडेत आहे. स्टार्च ओला असताना साठ-सत्तर अंशांपुढे तापला की फुगून चिकट होतो आणि सुकल्यावर त्याचं कवच बनतं. हे कवच आहे म्हणून भिजवल्यावर साबुदाणा विरघळत नाही, पाणी पिऊन फुगतो. दाणे भाजण्याऐवजी वाफवून आरपार शिजवले की होतो नायलॉन साबुदाणा, चिवड्यासाठी तळतो तो.

ताटांत पसरून गच्चीवर. वर जुनी मच्छरदाणी, कबुतरांसाठी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वाळला. ताटात ओतला तर खणखणतो. ३१० ग्रॅम. कंदात पाव भाग किंवा त्याहून थोडा जास्त स्टार्च असतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास चोथ्यात राहिला. घरच्या मिक्सरकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

दर उपवासाच्या तोंडावर 'साबुदाणा शाकाहारी नाही' असा एक निरोप मोबाइलवर फिरतो, कालही आला. हाताने करून बघितल्यावर उत्तर सोपं आहे: कंद, पाणी, ऊन आणि तव्याला तेलाचा हात, एवढ्यातच तो होतो. गंमत अशी की सेलमच्या साबुदाण्याची सुरुवात झाली ती सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या हातून. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा साबुदाणा यायचा बंद झाला. १९४३ मध्ये सेलमचे माणिकम चेट्टियार धंद्यानिमित्त केरळात जात, तिथे त्यांना पेनांगहून आलेले पोपटलाल शहा भेटले. शहांना साबुदाणा करायची रीत ठाऊक होती, चेट्टियारांना कप्पा कुठे पिकतो ते. पुढे घरोघरचे कारखाने, १९८१ मध्ये त्यांची सहकारी संस्था, आणि २०२३ मध्ये सेलमच्या जव्वरिसीला (साबुदाण्याचं तमिळ नाव) भौगोलिक मानांकन. हे आईला वाचून दाखवलं. मासळीवर ती काही बोलली नाही, "गुजराती माणूस असणारच मध्ये" म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

भिजवण्याची चाचणी. एका वाटीत घरचा, एकीत दुकानचा. दोन्ही दोनदा हलक्या हाताने धुतले, दाण्यांच्या वर अर्धं बोट पाणी, पाच तास.

दुकानचा नेहमीसारखा. घरच्यातला पाचवा हिस्सा वाटीच्या तळाशी पेज झाला, बाकीचा उत्तम: बोटांत दाबला तर सहज चपटा होतो, मधे कण नाही. पेज झाली ती मोठ्या दाण्यांची. जाड दाण्याला कवच धरायला जास्त वेळ लागतो. उरलेल्यातले मोठे दाणे वेगळे काढून, पाण्याचा हबका मारून तव्यावर पुन्हा फिरवले, पुन्हा उन्हात.

धुण्याबद्दलही आज नीट कळलं. खिचडीचा गोळा होतो तो दाण्यांवरच्या सुट्या पिठामुळे. ते धुतलं गेलं नाही तर तूप कितीही घाला, चिकटणारच.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

खिचडी झाली. आईनेच केली, तव्यावरचं माझं, कढईतलं तिचं. तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाट्याच्या काचऱ्या, दाण्याचं कूट, सैंधव, किंचित साखर. दाणा सुटा. दुकानच्यापेक्षा रंग थोडा मळका आणि चवीत जरा कंदाची ओलसर छटा. लेकीच्या मते तीच मजा, आईच्या मते तेवढंच उणं.

कढईकडे बघताना मोजत होतो: साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे अमेरिका खंडातून आलेले. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा भाविकाला यातला एकही पदार्थ उपवासाला चालला नसता, कारण त्याने तो पाहिलाच नसता. रताळं आणि राजगिराही तिकडचेच. उपवासाचं शास्त्र म्हणून आपण जे ठामपणे सांगतो ते बऱ्यापैकी पाहुण्यांच्या यादीवर उभं आहे.

मग प्रश्न आला तो अख्ख्या कप्प्याचा: उपवासाला चालतो का? साबुदाणा चालतो तर त्याचा कंद का नाही, हा माझा मुद्दा. आईने क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला: कंद चालेल, चेचींची फोडणी चालणार नाही. हळद नाही, मोहरी नाही, लसूण तर नाहीच. तिने स्वतःचं केलं. प्रमाण लिहून ठेवतो:

अर्धा किलो कप्पा वर लिहिल्याप्रमाणे दोन पाण्यांत उकडलेला, निथळलेला. तीन चमचे तूप, चमचाभर जिरं, चार हिरव्या मिरच्यांचे तुकडे. त्यात कप्पा घालून डावाने अर्धवट मोडायचा. पाऊण वाटी ओलं खोबरं, पाव वाटी जाडसर कूट, सैंधव, झाकून एक वाफ. खाली उतरवल्यावर लिंबू आणि कोथिंबीर. गरमच खायचा, गार झाला की स्टार्च आवळतो आणि कप्पा दडदडीत होतो. सोबत गोड ताक.

चेचींना डबा पाठवला. दुपारी रिकामा डबा परत आला, त्यात केळ्याचे वेफर आणि निरोप: तूप घातल्यावर काहीही चांगलं लागतं.

खरं सांगायचं तर खिचडीपेक्षा हेच जास्त संपलं.

१ मार्च २०२५, शनिवार

चोथ्याचा निकाल. पिळून, पसरून कडकडीत वाळवला होता, आज मिक्सरमध्ये दळला. सेलमकडे याला थिप्पी म्हणतात आणि तो जनावरांच्या खाद्यात जातो. आपण त्यात निम्मं राजगिऱ्याचं पीठ, उकडलेला बटाटा, जिरं, मिरची घालून थालीपीठं लावली. तव्यावरून सुटतात, तुटत नाहीत, कडा कुरकुरीत. नुसत्या चोथ्याचं केलेलं एक मात्र पुठ्ठा.

फ्रीझरमधला कप्पाही काढला. न वितळवता थेट गार पाण्यात, मग नेहमीप्रमाणे. ताज्यापेक्षा लवकर आणि जास्त मऊ शिजला, घोटायला सोपा. पुळुक्कासाठी यापुढे फ्रीझरचाच.

पुढचं काम चेचींचं आहे: वाळवलेला कप्पा. त्यांच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत शेजारपाजारची माणसं जमून पोत्यांनी कप्पा सोलतात, काप करून अर्धकच्चे उकडतात आणि खडकावर वाळवतात, तो पावसाळाभर पुरतो. खडक नाही, गच्ची आहे. शनिवारसाठी सहा किलो सांगितलाय. काप करंगळीएवढे जाड हवेत, उकळी आल्यावर दोन मिनिटांत काढायचे, आणि ऊन कमी पडलं तर काळे पडतात, म्हणून सकाळी आठच्या आत गच्चीवर पसरून झाले पाहिजेत. सोलायला आईने हो म्हटलंय, लेकीने अजून नाही.